67 च्या मस्टँगला मागचा अ‍ॅक्सल निवडताना

इंजिन बदललं की सगळे विचारतात हॉर्सपॉवर किती, मागे कुठला डिफ (डिफरन्शियल, इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांना वाटून देणारा गियरचा संच) आहे हे कोणीच विचारत नाही. माझी गाडी 1967 ची मस्टँग फास्टबॅक, मुळात 289 क्युबिक इंच इंजिनची, आता तिच्यात 347 स्ट्रोकर (पिस्टनचा स्ट्रोक वाढवलेलं इंजिन) आहे आणि त्याला ट्रेमेकचा पाच गियरचा टीकेओ 500 गियरबॉक्स जोडलाय, आणि एवढं सगळं करून मागे कंपनीचा 8 इंची अ‍ॅक्सल (हे माप आतल्या मोठ्या क्राउन गियरच्या व्यासाचं) तसाच ठेवणं मला पटेना. (गाडीच्या व्हीआयएनमध्ये, म्हणजे चेसिस नंबरमध्ये, टी आहे, म्हणजे ती फोर्डच्या मटचन प्लांटची. हा प्लांट न्यू जर्सीतल्या आपल्या एडिसनमध्येच होता, रूट 1 वर, 2004 ला बंद झाला. ओक ट्री रोडवर किराणा भरायला जाणाऱ्या आपल्या कितीतरी लोकांना हे माहीतच नाही, आणि मला मात्र त्याचं भारी कौतुक आहे.)

आधी हिशोब बघा. इंजिनचा टॉर्क जसाच्या तसा मागे जात नाही, पहिल्या गियरने आणि मग क्राउन-पिनियनने (डिफमधला मोठा गियर आणि त्याला फिरवणारा छोटा) गुणला जाऊन जातो. फोर्डच्या जुन्या टॉपलोडर गियरबॉक्सचा पहिला गियर 2.78 आणि मागे क्राउन-पिनियनचा रेशो 3.00 धरा, तर 400 फूट-पाउंडचे अ‍ॅक्सलवर साधारण 3,300 होतात. टीकेओचा पहिला 3.27 आहे, मागे 3.50 टाकलं की त्याच 400 चे जवळजवळ 4,600. इंजिन तेच, पण शाफ्टवरचा ताण कुठल्या कुठे गेला. आणि हा ताण येतो कधी, तर टायर रस्ता धरून ठेवतो तेव्हाच. साधा अरुंद टायर जागेवर फिरतो आणि बाकीचं सगळं वाचतं, चांगले रुंद चिकट टायर लावले की ते सोडत नाहीत, मग सगळ्यात कच्चं जे असेल ते जातं. त्यामुळे अ‍ॅक्सल निवडताना हॉर्सपॉवरच्या आधी टायर आणि पहिला गियर बघायचा असं माझं ठाम मत आहे. साधे टायर, मवाळ 289 आणि रविवारी एक फेरी एवढंच असेल तर 8 इंची उत्तम आहे, त्यावर पैसे घालू नका.

स्वस्तातला रस्ता म्हणजे भंगारातला फोर्डचाच 8.8 इंची अ‍ॅक्सल. 1995 ते 2001 च्या फोर्ड एक्सप्लोररमध्ये मिळतो, 31 स्प्लाइनचे (टोकाला 31 खाचांचे) शाफ्ट, डिस्क ब्रेक आयते, रुंदी 67 ला जवळजवळ जमते. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) सीट कापून नवीन वेल्ड कराव्या लागतात, आणि त्याच्या नळ्या मधल्या कास्टिंगमध्ये दाबून बसवून फक्त प्लग वेल्ड केलेल्या असतात, जोरात पिकअप घेतला की फिरू शकतात, म्हणून त्याही वेल्ड करून घ्यायच्या. हे सगळं होतं हो. पण मला खटकली ती सी-क्लिप. शाफ्ट आतून एका छोट्या क्लिपवर अडकलेला असतो, तो तुटला तर चाक शाफ्टसकट बाहेर. फोर्डच्या 9 इंची अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट बाहेरच्या टोकाला बेअरिंग आणि रिटेनर प्लेटने धरलेला असतो, आत तुटला तरी चाक जागेवर राहतं. मागच्या सीटवर मुलं बसतात, माझ्यासाठी विषय तिथेच संपला.

डाना 60 पण बघितला, 9.75 इंची क्राउन, हेमी इंजिनवाल्या मोपारना (क्रायस्लरच्या गाड्यांना) कंपनीतून यायचा, मजबुतीला तोड नाही पण वजन फार, मस्टँगला एवढं ओझं कशाला.

तर 9 इंची. फोर्डने 1957 पासून 1986 पर्यंत कुठे कुठे वापरला. पिनियनला दोन बेअरिंग असतातच, पण याला नाकाशी तिसरंही असतं, त्यामुळे जोर आला तरी पिनियन क्राउनपासून लांब ढकलला जात नाही. सगळा डिफ पुढून एकसंध बाहेर येतो, बेंचवर निवांत सेटिंग करता येतं. तोटाही सांगतो, पिनियन क्राउनच्या मध्यापासून 2.25 इंच खाली आहे, दाते जास्त घासतात, म्हणून 8.8 पेक्षा थोडी पॉवर जास्त खातो. मला चालतं.

भंगारात शोधणार असाल तर एक खूण: 8 इंचीच्या सगळ्या नटांवर सॉकेट सरळ बसतो, 9 इंचीच्या खालच्या नटांवर बसतच नाही, रिंग पानाच घालावा लागतो. गाडीखाली झोपून पाच सेकंदात कळतं. आणि डिफच्या केसवर एन हे अक्षर कोरलेलं मिळालं तर ती नोड्युलर लोखंडाची, म्हणजे जास्त मजबूत, सोडू नका. मी मात्र हाऊसिंग (अ‍ॅक्सलचं बाहेरचं कवच) नवीनच घेतलं, जुनी बरीचशी वाकलेली निघतात.

रुंदी नीट बघा प्लीज! ड्रम बसतो त्या फ्लँजपासून फ्लँजपर्यंत 65-66 च्या मस्टँगला 57.25 इंच, 67 ते 70 ला 59.25, 71 ते 73 ला 61.25. ही कंपनीची मापं, रिम रुंद असतील तर चाक लावून आतलं-बाहेरचं अंतर स्वतः मोजा आणि मगच ऑर्डर द्या. टोकाच्या बेअरिंगचा व्यासही आधी ठरवा, मी मोठं 3.150 इंची घेतलं, ब्रेकचं किट त्याच्याच बोल्ट पॅटर्नचं लागतं. प्रोपेलर शाफ्ट नवीन मापाचा करावा लागतो, यूजे (युनिव्हर्सल जॉइंट) क्रॉस 1330 मापाचे घ्या.

आत ट्रूट्रॅक टाकलाय, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा लिमिटेड-स्लिप डिफ. क्लच प्लेटा नाहीत, सगळं गियरवर, झिजायला काही नाही आणि वळताना लॉकरसारखा (दोन्ही चाकं जखडणाऱ्या डिफसारखा) खाडकन आवाज नाही. रेशो 3.50 च का, तर टीकेओचा पाचवा 0.68 आहे, 26 इंची टायरवर 65 मैलाला इंजिन 2,000 वर शांत चालतं. 4.11 घेतलं असतं तर 2,350 च्या आसपास, आणि पहिला गियर टाकल्या टाकल्या संपला असता.

नवीन क्राउन-पिनियनला पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं हळू चालवून पूर्ण गार होऊ द्यायचं, असं दोन-तीनदा, मग 500 मैल जोर न लावता आणि मग तेल बदलायचं. साधं मिनरल 80डब्ल्यू-90 जीएल-5 गियर ऑइल, ट्रूट्रॅकमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर घालायचं नाही.