मोनच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी कुणी "हल्ली काय चाललंय?" म्हटलं आणि मी "मोन भाषा शिकतेय" म्हणाले, की पुढचं मला पाठ आहे. "म्हणजे नागालँडमधलं मोन?" नाही, तो जिल्हा कोन्याक लोकांचा. "मग हमोंग?" तेही नाही, हे मोन म्हणजे दक्षिण ब्रह्मदेशातले, मौलम्याईनच्या बाजूचे. आणि मग खरा प्रश्न: "पण आपला काय संबंध?"

मोजायला बसा, संबंध निघतो. मोनमध्ये दोन म्हणजे 'बा', तीन 'पि', चार 'पन'. आता मेळघाटातल्या कोरकू माणसाचे आकडे ऐका: मिया, बारी, अफई, उफुन. बारीतला बा आणि उफुनातला फुन ऐकू आला ना? दोन्ही भाषा ऑस्ट्रोएशियाटिक कुळातल्या, म्हणजे दूरच्या का होईना, चुलत बहिणी. (पाचाबद्दल मी हट्ट धरत नाही. तिथे मोनमध्ये मसुन आणि कोरकूत मोनोई असं आहे.) बोलणारेही जवळपास सारखेच. मोनचे आठ-दहा लाख असावेत असा अंदाज आहे, आणि कोरकूचे 2011च्या जनगणनेत सव्वासात लाखांवर.

ब्रह्मदेशाच्या जुन्या राजधानीत, बगानला, बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक चौकोनी शिलास्तंभ आहे. राजकुमार नावाच्याच राजपुत्रानं आजारी बापासाठी केलेलं दान त्यावर कोरलंय, चार बाजूंना चार भाषांत: पाली, प्यू, मोन आणि बर्मी. त्या काळी मोन दरबारात मानाची होती आणि बर्मी नुकती लिहायला लागलेली. आज प्यू कुणीच बोलत नाही आणि बर्मी राजभाषा आहे. मोन मधेच अडकली. 1757 साली बर्मी राजा अलाउंगपयानं मोन लोकांची राजधानी पेगू घेतली, मोन लोकांचे लोंढे सयामात, म्हणजे आजच्या थायलंडात गेले. बँकॉकजवळच्या को क्रेट बेटावर त्यांचे वंशज अजून लाल मातीची भांडी घडवतात. पण भाषा आजीपाशी, नातवंडं थाईत.

बँकॉकला नोकरीला असताना मी शिकायला सुरुवात केली ती मात्र को क्रेटला नाही, बँकॉकजवळच्याच महाचाई गावाला. तिथे कोळंबी सोलायच्या कारखान्यांत सीमेपलीकडून आलेले मोन मजूर खूप. माझे गुरुजी त्यातलेच, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. शिकवणी रविवारी, मोडक्यातोडक्या थाईत.

पहिल्याच दिवशी वहीवर क, ख, ग, घ, ङ आले तेव्हा मी खूश. दक्षिण भारतातून गेलेली लिपी, आपलीच बाराखडी म्हणायची! ग वाचला, गुरुजी हसले. मोन माणूस ग लिहितो आणि क म्हणतो, पण सुस्कारा टाकत बोलल्यासारखा, आवाजात हवा सोडून. क मात्र स्वच्छ, कोरडा. आभार मानायच्या शब्दात आपला 'गुण' जसाच्या तसा लिहिलेला दिसतो, पण उच्चार 'कुन', तोही असाच हवेचा. हा फरक कानाला कळायला मला दोन महिने लागले, जिभेला अजून कळलेला नाही.

गुरुजी स्वतः लिहायला शिकले ते विहारात, उन्हाळ्याच्या सुट्टीत, भिक्खूंकडून. सरकारी शाळा बर्मी. 1995 साली लष्करी सरकार आणि बंडखोर मोन पक्ष यांच्यात युद्धविराम झाला, त्यानंतर त्या पक्षाच्या शाळा वाढल्या, तिथे प्राथमिक वर्ग मोनमधून चालतात. त्यांच्या गावात तशी नव्हती.

एकदा मी त्यांना कोरकू आकडे म्हणून दाखवले. त्यांनी 'बारी, बारी' असं दोनदा घोळवलं. मग विचारलं, "शाळेत शिकवतात?"

"शाळा मराठी."

"म्हणजे आमच्या बर्मीसारखी," म्हणाले, आणि वही पुढे ओढून घ वर बोट ठेवलं.