मार्चमध्ये ओतलेला ब्लॉक

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटपासून तासाभरावरच्या एका वर्कशॉपमध्ये जुन्या अमेरिकन गाड्या रिस्टोर करतो. मूळचा कोल्हापूरचा. बाबा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होते, त्यामुळे ओतलेल्या लोखंडावरचे आकडे वाचायची सवय लहानपणापासूनच. ही गोष्ट गेल्या हिवाळ्यातल्या एका मंगळवारची.

गाडी १९६९ ची शेवरले कॅमॅरो झेड/२८. ही गाडी मुळात रेसच्या नियमामुळे जन्माला आली. अमेरिकेतल्या ट्रान्स-ॲम रेसमध्ये ३०५ क्युबिक इंच, म्हणजे साधारण ५ लिटरपेक्षा मोठं इंजिन चालायचं नाही, म्हणून शेवरलेवाल्यांनी आपल्या ३२७ क्युबिक इंचांच्या इंजिनाच्या ४ इंच बोअरला (सिलेंडरचा व्यास) २८३ च्या इंजिनाचा ३ इंची स्ट्रोक (पिस्टनची धाव) जोडला आणि ३०२ चं इंजिन काढलं. १९६७ ला अशा फक्त ६०२ गाड्या निघाल्या, १९६९ ला २०,३०२. तरी आज खरी झेड/२८ मिळणं सोपं नाही, कारण साध्या कॅमॅरोला पट्टे मारून विकणारे खूप आहेत.

मालक सत्तरीपुढचे, आयुष्यभर प्लंबिंग केलेले गृहस्थ. मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ही गाडी 'मॅचिंग नंबर' म्हणून घेतली होती, म्हणजे इंजिन त्याच गाडीचं, फॅक्टरीतून जे बसून आलं तेच. रिटायरमेंटच्या पैशातला मोठा हिस्सा त्यात गेलेला. आता त्यांना ती नट-बोल्टपर्यंत जशी शेवरलेच्या नॉरवूडच्या कारखान्यातून बाहेर पडली तशी करून हवी होती.

या कामात सगळा खेळ तारखांचा असतो. फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पडद्यावरच्या, पत्र्याच्या टॅगवर ०३ए, म्हणजे बॉडी मार्चच्या पहिल्या आठवड्यातली. मग प्रत्येक पार्ट त्याच्या थोडा आधीचा हवा, काही दिवस, काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. नंतरचा कधीच नाही. आणि या गाडीचे पार्ट बघून मला जो आनंद होत होता तो काय सांगू! होली कंपनीचा कार्बोरेटर, मॉडेलचा लिस्ट नंबर ४०५३, खाली ९२२, म्हणजे १९६९, दुसरा महिना, दुसरा आठवडा. डिस्ट्रिब्युटर ११११४८०, तारीख १२ फेब्रुवारी. अल्टरनेटर ७ फेब्रुवारीचा. मन्सी बनावटीच्या गिअरबॉक्सवर पी९बी१८बी, म्हणजे १८ फेब्रुवारी, एम२१ प्रकारचा, आणि शेजारी खुद्द या गाडीच्या चेसिस नंबरचे शेवटचे आकडे. पन्नासहून जास्त वर्षं झाली, किती हातांतून गेली असेल गाडी, आणि तरी एवढं सगळं एकत्र टिकलेलं!

इंजिनचा शिक्का असतो पुढे उजवीकडे, सिलेंडर हेडच्या अगदी पुढ्यात, अल्टरनेटरच्या आडोशाला. तिथे व्ही०२२१डीझेड, म्हणजे फ्लिंटच्या प्लँटला २१ फेब्रुवारीला जोडलेलं, डीझेड म्हणजे १९६९ च्या झेड/२८ चं ३०२. बाजूला गाडीचा नंबर. शिक्क्याच्या सपाट जागेवर, म्हणजे पॅडवर, मशीनिंगच्या बारीक समांतर रेषासुद्धा दिसत होत्या. खोटा शिक्का मारताना जुना नंबर घासून काढला तर या रेषा जातात, म्हणून सगळे आधी तेच बघतात, मीही तेच बघितलं आणि समाधान पावलो.

मंगळवारी इंजिन बाहेर काढलं, गिअरबॉक्स आणि बेलहाऊसिंग (दोघांना जोडणारं क्लचचं कवच) वेगळं केलं. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव भागाच्या, मागच्या कडेवर, जिथे गाडीत असताना फायरवॉलमुळे नीट बघताच येत नाही, तिथे तेलाचा आणि मातीचा जाड थर. डीग्रीझर मारला, वायर ब्रशने घासलं. डावीकडे कास्टिंग नंबर, म्हणजे ओतकामाचा नंबर, आला, ३९५६६१८, बरोबर. उजवीकडे घासता घासता एक अक्षर वर आलं, मला वाटलं बी, बी म्हणजे फेब्रुवारी. अजून घासलं. बी नव्हता तो. सी होता. सी १२ ९.

१२ मार्च १९६९.

मी ब्रश खाली ठेवला. टॉर्च आडवा धरून परत वाचलं, मग बोट फिरवून बघितलं. ही तारीख ठोकून मारलेली नसते, साच्यातच असते, लोखंडाबरोबर उठून येते. बाबांच्या फाउंड्रीत पॅटर्नवरची तारखेची पट्टी बदलली नाही म्हणून एका माणसाला केवढी बोलणी बसली होती ते मला आठवतं, कारण एकदा लोखंड ओतलं की मग त्यात काही करता येत नाही. १२ मार्चला ओतलेला ब्लॉक २१ फेब्रुवारीला जोडला कसा जाईल? बॉडी मार्चच्या पहिल्या आठवड्यात उभी राहिली तेव्हा हे इंजिन अजून वितळलेलं लोखंडसुद्धा नव्हतं. कोणीतरी दुसराच ब्लॉक घेऊन, बहुतेक ३५० चा, कारण बोअर तोच ४ इंच आणि ३०२ चा क्रँक त्यात बसतो, पुढचा पॅड नव्याने मशीन करून शिक्का मारला होता. रेषांसकट.

संध्याकाळी आजोबांना बोलावून घेतलं. माझ्या बॉसने मलाच सांगायला लावलं कारण सापडलं मला होतं. मी त्यांच्या हातात टॉर्च दिला आणि त्यांनाच वाचू दिलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, ही तारीख ग्राइंडरने काढता येत नाही का? येते, काढणारे काढतातही, पाच मिनिटांचं काम. पण मी नाही म्हणालो. आमच्याकडे हे होणार नाही. बॉसने दुरूनच मान हलवली.

मला त्यांचा राग आला नाही हे मुद्दाम लिहितो. त्यांनी फसवलेलं नव्हतं, ते फसले होते. राग मला त्या माणसाचा येतो ज्याने एवढं कौशल्याचं काम खोटेपणासाठी वापरलं. इतका हात चालत असेल तर माणसाने खरं काम करावं की!

मग पुढे काय ते बोललो. खरा डीझेड ब्लॉक शोधता येईल, जानेवारी-फेब्रुवारीचा, हर्शीच्या स्वॅप मीटला, म्हणजे जुन्या पार्टांच्या बाजाराला, असं कधीकधी सापडतं, पण त्याच्यावर दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा नंबर असणार, म्हणजे तारीख बरोबर पण इंजिन त्या दुसऱ्या गाडीचं, आणि तिचा मालक कदाचित तेच शोधत फिरत असेल. शो-मध्ये 'डेट करेक्ट' म्हणून चालतं ते, खुलेपणाने सांगितलं तर. आजोबा म्हणाले, मग माझं इंजिनही असंच कोणाच्या तरी गॅरेजमध्ये पडलेलं असेल. असेल, मी म्हणालो.

गिअरबॉक्स स्टँडवर होता. आपल्याकडे आरटीओत चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात ना, तसा मी त्या शिक्क्याचा ठसा काढून त्यांना दिला, गाडीचा नंबर त्यात स्पष्ट उठला होता, आणि तोच नंबर त्यांच्या हरवलेल्या मूळ इंजिनवरही असणार. त्यांनी चष्मा लावून तो आकडा आकडा वाचला, घडी घातली आणि पाकिटात लायसन्सच्या मागे ठेवला. हर्शीला ऑक्टोबरमध्ये मी पण येतो, म्हणाले.