एक ना धड

कराटे, कार्टून आणि एसटी. अभ्यासाबाहेरचा माझा सगळा वेळ या तिघांत जातो, कधीकधी अभ्यासातलाही. बाबांच्या मते हे 'एक ना धड, भाराभर चिंध्या'. आईचं म्हणणं जरा सौम्य असतं, 'काहीतरी एक धर गं, आणि त्यात पुढं जा.' शेजारच्या काकूंना यातलं फक्त कराटे मान्य आहे, कारण 'हल्ली मुलींना ते यायलाच हवं'. कार्टून म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं टीव्ही लावल्याशिवाय न जेवणारा त्यांचा नातू येतो. आणि एसटीतून फिरायला आवडतं असं म्हटलं, तर साताऱ्यात लोक आधी आपल्याकडं बघतात आणि मग विचारतात, 'का, गाडी नाही का घरी?'

मला मात्र बरेच दिवस वाटतंय की या आवडी तीन नाहीतच. मला एकच गोष्ट बघायला आवडते, ती म्हणजे हलताना माणूस आपलं वजन कुठं ठेवतो. आता ही आवड कुठल्याही फॉर्मवर 'छंद' या रकान्यात लिहिता येत नाही, म्हणून तिथं तीन शब्द लिहून मोकळी होते.

आमचा कराटेचा क्लास संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये भरतो. खाली शहाबादी फरशी. थंडीत अनवाणी उभं राहिलं की पहिली पाच मिनिटं पाय आपले नसतातच. सर दिवसभर एमआयडीसीत नोकरी करतात आणि संध्याकाळी पांढरा गी घालून 'इच, नी, सान, शी' मोजतात, तेही पक्क्या सातारी हेलात. 'शी' आलं की मागच्या रांगेतली लहान पोरं अजूनही खुसखुसतात. सरांनी त्यावर रागावणं सोडून दिलंय. ओकिनावा बेटावरची ही विद्या. गिचिन फुनाकोशी यांनी 1922 साली टोकियोत तिचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि मग ती जगभर पसरत गेली. आमच्या हॉलमध्ये ती पोहोचली तेव्हा तिला खिडकीतून वडापावचा वास येऊ लागला, एवढाच काय तो बदल.

लोकांना वाटतं कराटे म्हणजे हातपाय झाडणं. सुरुवातीला सगळा वेळ जातो तो नुसतं उभं राहायला शिकण्यात. दाची म्हणजे उभं राहायची पद्धत. झेनकुत्सु दाचीत साठ टक्के वजन पुढच्या पायावर, चाळीस मागच्या. कोकुत्सु दाचीत सत्तर टक्के मागं, तीस पुढं. किबा दाचीत दोन्हीकडं सारखं. सर मागून येऊन खांद्याला हलकासा धक्का देतात. हललात, तर टक्केवारी चुकली. हेयान शोदान हा अगदी पहिला काता, म्हणजे ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायच्या 21 हालचाली, आणि जिथून सुरू केला तिथंच येऊन तो संपायला हवा. आमच्यातले निम्मे पहिल्या काही महिन्यांत भिंतीपाशी जाऊन संपायचे. आणि एक नियम सर सतत सांगतात : पुढं जाताना डोकं वर-खाली होता कामा नये. छपराखालून चालल्याप्रमाणं सरळ रेषेत जायचं. डोकं उचललं की समोरच्याला कळतं, तुम्ही निघालात.

आजीचे भाऊ, म्हणजे आमचे मामाआजोबा, उंब्रजला असतात. तरुणपणी तालमीत मुरलेला माणूस. कान अजून त्याची साक्ष देतात. मी त्यांना काता करून दाखवला तेव्हा त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे बघितला आणि विचारलं, "हवेत कुणाला मारतीस गं?" मग मात्र उठले, माझ्या समोर उभे राहिले आणि म्हणाले, "हात बघू नगंस. कंबर बघ. गडी जातोय कुठं, ते कंबर आधी सांगती." सर अगदी हेच सांगतात, फक्त जपानी शब्दांत.

खाशाबा जाधवांचं नाव निघाल्याशिवाय मामाआजोबांचं बोलणं संपत नाही. खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. 1948 साली कुस्तीसाठी लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा ते आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर खेळत होते. तोवर सगळं खेळणं तांबड्या मातीत. तरी सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हे सगळं पाठ्यपुस्तकात असतं. मामाआजोबांना त्यातली माती आणि मॅटची गोष्टच महत्त्वाची वाटते. मातीत पाय रुततो, बोटं धरून ठेवतात. मॅट पायाला धरत नाही, उलट थोडं उसळवतं. जन्मभर एका जमिनीवर वजन टाकायला शिकलेल्या माणसानं परदेशात जाऊन वेगळ्याच जमिनीवर ते पुन्हा शिकायचं, याचं मामाआजोबांना पदकापेक्षा जास्त कौतुक आहे. मलाही.

आता कार्टून. वहीच्या कोपऱ्यात माणूस काढून पानं फरफर उलटायची, इथपासून ते सुरू झालं आणि सध्या एका जुन्या लॅपटॉपवर चालू आहे. सॉफ्टवेअर ब्लेंडर, कारण ते चांगलं आहे आणि फुकट आहे (कारणांचा क्रम खरं तर उलटा लिहायला हवा). हिशेब साधा असतो : एका सेकंदाला 24 चौकटी. हातानं काढणारे बहुतेकदा एक चित्र दोन चौकटी टिकवतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. पाऊल अर्ध्या सेकंदात पडतं असं धरलं, तर एका पावलाला सहा चित्रं झाली. सहा चित्रांत माणूस चालवायचा! टाच टेकते, मग गुडघा वाकून वजन झेलतो आणि अंग सगळ्यांत खाली जातं, मग दुसरा पाय शेजारून पुढं निघतो, मग अंग वर उचललं जातं. डोक्याच्या वाटेची रेघ काढली तर ती लाटेची येते. ही लाट विसरलात की तुमचा माणूस साबणावरून घसरल्यासारखा दिसतो. हातपाय अगदी बरोबर हलत असतात, पण अंगाला वजनच नाही.

नुसत्या डोळ्यांना यातलं फार थोडं दिसतं. दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवेगळे असतात का, यावर माणसं वर्षानुवर्षं वाद घालत होती. 1878 साली मायब्रिज नावाच्या छायाचित्रकारानं ओळीनं कॅमेरे लावून घोडा दौडवला, तेव्हा कळलं की असतात, आणि तेही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. तोपर्यंतच्या चित्रांत घोडे पुढचे पाय पुढं आणि मागचे मागं ताणून उडत होते.

माझ्याकडं घोडा नाही, साताऱ्याचं स्टँड आहे. बस लागायला वेळ असला की मी बाकावर बसून वहीत रेघा मारते. माणूस वजनासकट बघायचा तर त्याच्या हातात ओझं हवं, आणि स्टँडवर ओझ्याशिवाय कोण येतं? डाव्या हातात पिशवी असलेला माणूस उजवीकडं कलतो आणि रिकामा हात अंगापासून थोडा लांब धरतो. डोक्यावर बोचकं असलेल्या बाईचं डोकं मात्र हलत नाही, खालचे गुडघेच सगळं सोसतात. परवा एक आजी उठताना बघितल्या. फलाटावर कोरेगावची गाडी लागली, तशी त्यांनी आधी पिशवीचे बंद मुठीत गुंडाळले. पाय बाकाखाली घेतले. दुसरा हात गुडघ्यावर. मग डोकं इतकं पुढं आणलं की नाक पायाच्या अंगठ्याच्याही पुढं गेलं, आणि तिथं क्षणभर थांबून मगच बूड सुटलं. वर येताना आधी कंबर आली, पाठ सरळ झाली ती दोन पावलं टाकल्यावर. 'अगं बाई' हे शब्द सगळं झाल्यावर आले. अ‍ॅनिमेशनच्या धड्यांत लिहिलेलं असतं की प्रत्येक हालचालीआधी उलट्या दिशेची एक तयारी असते. त्या आजींच्या उठण्यात तयारीच जास्त होती, उठणं नंतर उरकून टाकलं.

प्रवासाचं म्हणाल तर मी काही हिमालय बघितलेला नाही. माझा नकाशा एसटीच्या पाट्यांवर संपतो. पण 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्या आधीच्या ऑगस्टपासूनच प्रवास मोफत आहे. म्हणजे आजी फुकट आणि मी अर्ध्यात. इतका स्वस्त सोबती मला मिळायचा नाही, आणि तिलाही. आमचं सध्या समर्थांचे अकरा मारुती करायचं चाललंय. एका दमात गाडी करून 'उरकणाऱ्या' मंडळींबद्दल आजीचं मत फार वाईट आहे. आम्ही सवडीनं जातो, मधे उंब्रजला मुक्काम असतो, तिथला मारुतीही होतो आणि मामाआजोबांकडचं जेवणही.

चाफळला मला पहिल्यांदा कळलं की हे देवदर्शन माझ्या कामाचं आहे. राममंदिरासमोर दास मारुती आहे. हात जोडलेले, दोन्ही पायांवर सारखा भार, कुठं जायचं नाही की यायचं नाही. त्याच मंदिराच्या मागच्या अंगाला प्रताप मारुती : हात उगारलेला, पायाखाली राक्षस, शेपूट डोक्यावर आलेली. एकाच देवाच्या या दोन मुद्रा, आणि मधलं सगळं बघणाऱ्यानं मनात भरायचं. अ‍ॅनिमेशनमध्येही आधी अशाच मुख्य मुद्रा काढतात, मधली चित्रं नंतर. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आधी नमस्कार कर, मग काय ते." सांगली जिल्ह्यातल्या बहे गावचा मारुती कृष्णेच्या बेटावर आहे. राम संध्येला बसला असताना नदीला पूर आला आणि मारुतीनं दोन्ही बाहूंनी पाणी अडवलं, अशी गोष्ट तिथं सांगतात. त्या मूर्तीचे हात मी पुष्कळ वेळ बघत होते. पाणी अडवायचं म्हणजे उगारून चालत नाही.

तर अडचण अशी होती. मला काता करणारी मुलगी अ‍ॅनिमेट करायची होती. सरांचा नियम म्हणतो, डोकं हलू द्यायचं नाही. अ‍ॅनिमेशनचा नियम म्हणतो, डोकं हललं नाही तर वजन दिसत नाही. डोकं सरळ ठेवलं की माझी मुलगी साबणावर. लाट दिली की सर म्हणणार, हिला पांढऱ्या पट्ट्यावर परत पाठवा. बोचक्याच्या बाईचे गुडघे माझ्या वहीत होते, पण ते लुगड्याआड. दिसणार कसे?

उत्तर यवतेश्वरच्या घाटात मिळालं. बामणोलीची गाडी, मागून तिसरं बाक. सप्टेंबर असल्यानं निम्मी गाडी कासची फुलं बघायला निघालेली. कास 2012 साली जागतिक वारसा यादीत गेलं, तेव्हापासून फुलांपेक्षा फुलांबरोबरचे फोटो जास्त. मी बघत होते कंडक्टरला. घाटात वळणामागून वळण, खाली सातारा कधी डावीकडं, कधी उजवीकडं, आणि हा माणूस मधल्या वाटेत कशालाही न धरता उभा. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हाताच्या बोटांत घडी घातलेल्या नोटा. पाय खांद्यांहून रुंद, गुडघे सैल, चक्क किबा दाची. गाडी डावीकडं वळली की उजवा गुडघा थोडा खचायचा, कंबर तिकडं उतरायची, डोकं मात्र जिथल्या तिथं. नजर नोटांवरून हलायची नाही. आणि खांद्यावरची ती चामड्याची बॅग! वळण संपून गाडी सरळ झाली तरी बॅग अजून बाहेरच्या बाजूला निघालेली असायची, मग उशिरा परत येऊन मांडीवर आपटायची. सगळं वजन त्या बॅगेत दिसत होतं.

घरी आले आणि मुलीच्या डोक्याला हात न लावता तिच्या पट्ट्याची टोकं दोन चौकटी उशिरा हलवली. बाहीला ठोसा संपल्यावर एक झटका दिला. मागच्या पायाची टाच निघायच्या आधी फरशीला घट्ट दाबली. मुलगी जमिनीवर आली.

पुढच्या खेपेला तेच कंडक्टर भेटले. मी घाटात त्यांचं चित्र काढत होते आणि ते तिकिटाला माझ्यापाशी येऊन थांबले.

"आमालाच काढताय व्हय ताई?"

"हो मास्तर. तुमचं उभं राहणं फार भारी आहे."

त्यांनी वही हातात घेतली, वळणावर गुडघा खचवून, डोकं न हलवता, नीट बघितली. मागच्या बाकावरच्या एका काकांनाही दाखवली. मग परत देत म्हणाले, "झॅक आलंय. प्वाट तेवढं कमी करा."

"कमी केलं तर तोल जाईल मास्तर."

"आमच्या घरात सांगा की हे एकदा," असं म्हणून त्यांनी तिकीट फाडलं आणि उरलेल्या सुट्ट्यांसाठी कासपर्यंत थांबायला सांगितलं.