पहिल्या बागेवरून सगळ्यांचा निकाल

बुधवार, रात्री 11

आज दिवसभर केळीबागांची यादी घेऊन बसले होते. रावेर-यावलकडच्या 212 बागा, प्रत्येकीपुढे लागवडीची तारीख. काम एवढंच, की लागवड ऑगस्टपर्यंतची असेल तर ‘मृगबाग’ लिहायचं, नंतरची असेल तर ‘कांदेबाग’. आर या आकडेमोडीच्या संगणक-भाषेत सरळ इफ, म्हणजे ‘जर’ची आज्ञा, लिहिलं. चाललंही. खाली तांबड्या अक्षरांत एक सूचना आली, ती मी वाचलीच नाही.

मग यादीत आमची बाग दिसली. आप्पांनी ती दसऱ्यानंतर लावलीय, रोपं उतरवून घ्यायला मी स्वतः उभी होते. आणि तिच्यापुढे ‘मृगबाग’! वर-खाली पाहिलं, तर 212 च्या 212 मृगबागाच.

इफला एकच उत्तर लागतं, हो की नाही. मी त्याच्यापुढे 212 उत्तरं ठेवली. त्याने पहिलं उचललं आणि बाकीची सोडून दिली. पहिली बाग जूनची निघाली, संपलं. गाडीतला वरचा एक घड बघून व्यापारी अख्ख्या गाडीचा भाव पाडतो, तेव्हा आप्पांचा जीव कसा तुटतो ते लहानपणापासून बघतेय. आज मीही तेच केलं होतं. कामावरच्या संगणकात आर जुनं आहे, 4.1. 2022 मध्ये 4.2.0 आलं, तेव्हापासून अशा जागी नुसती सूचना मिळत नाही, गाडी तिथेच थांबते. फार चांगलं केलं आर बनवणाऱ्यांनी.

मग इफएल्स लिहिलं, म्हणजे अख्ख्या यादीला एकेक करून अट लावणारी आज्ञा. तेव्हा प्रत्येक बागेला तिचा-तिचा प्रश्न विचारला गेला. आमची बाग कांदेबाग झाली.

संध्याकाळी पुन्हा अडले. कापणीची तारीख जिथे रिकामी, तिथे लागवडीत 365 दिवस मिळवायचे होते. इफएल्सने तारखेऐवजी 19889 दिलं! हे 1 जानेवारी 1970 पासूनचे दिवस, म्हणजे 15 जून 2024. आकडा बरोबर, पण त्याचं तारीख असणं गेलेलं, कारण इफएल्स उत्तराला रूप देतं ते हो-नाहीच्या अटीचं, आपण दिलेल्या तारखेचं नाही. डीप्लायर या आरच्या जोड-पॅकेजमधलं इफ_एल्स वापरलं, तेव्हा तारखा तारखाच राहिल्या.

तीन बागांपुढे मात्र ‘एनए’, म्हणजे ‘माहिती नाही’, आहे. त्यांची लागवडच नोंदलेली नाही. इफएल्सने त्यांना मृगातही ढकललं नाही आणि कांद्यातही नाही, हे मला मनापासून आवडलं. त्यातली एक आमच्या पाटापलीकडची आहे. सकाळी आप्पांना विचारते.