टोनआर्म पुन्हा आपणहून परतू लागला

तबकडीची बाजू संपली, की टोनआर्मने, म्हणजे सुई धरणाऱ्या हाताने, आपणहून उचलले जावे, टेकूवर परत यावे आणि मोटर बंद व्हावी, अशी आमच्या घरातल्या जुन्या टर्नटेबलची (तबकड्या वाजवणाऱ्या संचाची) रचना आहे. कित्येक वर्षे बंद पडून राहिलेला तो संच मी पट्टा बदलून सुरू केला, तेव्हा आवाज स्वच्छ आला. परंतु बाजू संपल्यावर सुई शेवटच्या खाचेत तशीच फिरत राहिली. उठून हात उचलणे अवघड नव्हते, पण कधी डोळा लागला तर सुई तासन्‌तास घासत राहील, ही काळजी मला स्वस्थ बसू देईना.

बाजू संपली हे यंत्राला कळते कसे, ते मी आधी समजून घेतले. मिनिटाला ३३ १/३ फेरे या गतीने वीस मिनिटांत थाळीचे (जिच्यावर तबकडी ठेवतात तिचे) सुमारे ६६७ फेरे होतात आणि तेवढ्या वेळात टोनआर्म जेमतेम ८५ मिलिमीटर आत सरकतो, म्हणजे दर फेऱ्याला साधारण ०.१३ मिलिमीटर. टोनआर्मबरोबर एक छोटा खटकाही पुढे सरकत असतो. हात इतका सावकाश चालतो तोवर थाळीच्या आसाजवळचा उंचवटा प्रत्येक फेऱ्यात त्या खटक्याला किंचित मागे ढकलून देतो. शेवटची खाच मात्र झपाट्याने आत वळते; तिथे हात एकाच फेऱ्यात काही मिलिमीटर सरकतो, खटका जास्त पुढे येतो आणि उंचवटा त्याला ढकलण्याऐवजी पकडतो. त्या धक्क्याने मोठे कॅमचाक, म्हणजे आपल्या खोबणीने इतर भाग हलवणारे चाक, थाळीच्या गिअरमध्ये गुंतते आणि त्याच्या एका फेऱ्यात उचलणे, परतणे, टेकणे, बंद होणे ही सगळी कामे उरकतात. ताकद सारी थाळीची असते. टोनआर्मने फक्त इशारा द्यायचा असतो, आणि सुईवर दोन-तीन ग्रॅमच भार असल्यामुळे तो इशारा अतिशय नाजूक असतो.

प्लग काढला, सुईवर टोपण चढवले, मागचे वजन उतरवले, हात टेकूला बांधला आणि थाळी काढून संच उलटा ठेवला. प्रत्येक स्प्रिंग कोणत्या भोकात अडकवली आहे, याची छायाचित्रे आधीच घेतली. कॅमचाक बोटाने फिरवून पाहिले तर ते जड होते. खटका काडीने सरकवला, तर तो जिथे नेला तिथेच राहिला. मोडलेले काहीच नव्हते. मुळातले ग्रीस सुकून मेणासारखे घट्ट झाले होते.

इथे माझ्या हातून एक चूक झाली. ग्रीस पुसून झाल्यावर मी सगळ्याच सांध्यांना तेलाचा थेंब दिला. परिणामी सगळे भाग हलके फिरू लागले, पण बाजू संपल्यावर खटका टोनआर्मच्या मागे येईनासा झाला. खटका आणि टोनआर्मची पट्टी यांच्यातला दुवा केवळ घर्षणाचा आहे. तो दुवा थोडा घसरतो म्हणूनच उंचवटा खटक्याला मागे ढकलू शकतो, आणि थोडा धरून ठेवतो म्हणूनच खटका पुढे येतो. तेलाने ती पकडच गेली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या घेऊन मी तो सांधा पुन्हा पुसला, पूर्ण वाळू दिला आणि कोरडाच ठेवला. खटक्याच्या खिळीला अगदी सूक्ष्म तेल आणि कॅमच्या खोबणीत प्लास्टिकला चालणारे ग्रीस, तेही पातळ थरात, एवढेच पुरे झाले. (हे अल्कोहोल लाखेच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांपासून दूर ठेवावे, कारण लाख त्यात विरघळते.)

जोडणी झाल्यावर सुई तबकडीच्या कडेबाहेर उतरू लागली. टोनआर्मच्या बुडाजवळचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत मी ती सुरुवातीच्या कोऱ्या खाचेवर आणली. त्यानंतर लागोपाठ सहा बाजू वाजवल्या आणि सहाही वेळा हात अलगद उचलला जाऊन टेकूवर बसला. फक्त एका तबकडीवर तो अजून वेळेआधीच उठतो. तिचे भोक मध्यापासून सरकलेले आहे, त्यामुळे टोनआर्म दर फेऱ्याला आतबाहेर झुलतो आणि खटक्याला तो झोका शेवटच्या खाचेसारखाच वाटतो.