यलोस्टोनमध्ये कावळ्याला घास घालता येत नाही

अमळनेरहून आलेल्या प्रत्येक फोनमध्ये या उन्हाळ्यात दोन प्रश्न ठरलेले होते: या वयात परक्यांच्या चादरी बदलायचे तुम्हाला सुचले तरी कसे, आणि अस्वल दिसले का. पहिल्याचे उत्तर थोडक्यात देते, कारण दुसऱ्याबद्दल मला बरेच बोलायचे आहे.

मुलगा अमेरिकेचा नागरिक झाल्यावर आम्हा दोघांना ग्रीन कार्ड मिळाले आणि त्यानंतर डेन्व्हरमधील त्याच्या घरात नातवंडांना शाळेत सोडणे आणि परत आणणे एवढेच काम आमच्या वाट्याला उरले. राष्ट्रीय उद्यानांतील हॉटेलांना उन्हाळ्यापुरती माणसे लागतात, राहणे-जेवणे तेथेच असते आणि त्याचे पैसे पगारातून कापून घेतात, हे यांनी कुठूनतरी शोधून काढले. यलोस्टोनमध्ये यांना भांडी धुण्याच्या विभागात काम मिळाले आणि मला खोल्या आवरण्याचे. मुलाला ते आवडले नाही. माझ्या जोडीला खोल्या आवरणारी बाई मिनेसोटात मुख्याध्यापिका होती आणि नवऱ्यासोबत स्वतःचे मोटारघर घेऊन दर उन्हाळ्यात येथे येते, ही माहिती मी अमळनेरच्या प्रत्येक फोनमध्ये न चुकता दिली आहे.

आता अस्वल. यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान. १ मार्च १८७२ रोजी त्याची स्थापना झाली. क्षेत्रफळ सुमारे ९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपला जळगाव जिल्हा ११,७६५ चौरस किलोमीटरचा धरला तर त्याचा तीन चतुर्थांश भाग; आपले यावल अभयारण्य १७७ चौरस किलोमीटरचे आहे. एवढ्या प्रदेशात ग्रिझली आणि काळी अशी दोन्ही जातींची अस्वले मोकळी फिरतात, आणि त्यांच्यामुळे माणसाने कसे वागावे याचा एक नियम तेथे असा काही पाळला जातो की कामाच्या पहिल्या आठवड्यात माझे डोके भणभणून गेले. खाण्याची कोणतीही वस्तू उघड्यावर, नजरेआड, क्षणभरही ठेवायची नाही. खाण्याची म्हणजे केवळ अन्न नव्हे. दंतमंजन, साबण, चेहऱ्याचे मलम, रिकामे पातेले, कुत्र्याची जेवणाची थाळी, ज्याला ज्याला वास आहे ते सर्व गाडीत किंवा लोखंडी पेटीत बंद असले पाहिजे. तंबूत झोपणाऱ्याने खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा उशाशी ठेवायची नाही.

कचऱ्याच्या डब्याचेच पाहा. तो जाड लोखंडाचा असतो, सिमेंटच्या ओट्यावर बोल्टने आवळलेला असतो आणि त्याच्या झाकणाला बाहेरून कडी दिसत नाही. झाकणाच्या मुठीखाली एक खाच असते, तिच्यात बोटे उलटी घालून आतली पट्टी वर दाबावी लागते, तेव्हा झाकण सुटते; अस्वलाचा पंजा त्या खाचेत मावत नाही आणि त्याच्या नखांना ती पट्टी दाबता येत नाही. थंडीत बोटे गारठलेली असताना, हातात कचऱ्याची पिशवी धरून, ती पट्टी सापडेपर्यंत मी अस्वलाबद्दल जे पुटपुटले आहे ते येथे लिहिण्यासारखे नाही. मात्र हेही सांगितले पाहिजे की त्या डब्याभोवती एक कागदाचा कपटाही कधी दिसला नाही. आपल्या बसस्थानकाबाहेरच्या कचराकुंडीच्या आत काय असते ते मला ठाऊक नाही; बाहेर काय असते ते सर्वांना ठाऊक आहे.

तंबूंच्या मैदानावर एका कुटुंबाची बर्फपेटी वनरक्षकाने जप्त केलेली आम्ही दोघांनी पाहिली. पेटी लाकडी टेबलावर होती, झाकण बंद होते आणि कुटुंब हाकेच्या अंतरावर तलावाकाठी मुलांचे फोटो काढत होते. त्याने पेटी उचलून गाडीत ठेवली, टेबलावर चिठ्ठी ठेवली, ती उडू नये म्हणून तिच्यावर दगड ठेवला आणि तो निघून गेला. मुलांचे दूधही त्यात असेल, असे मी यांना म्हटले. हे म्हणाले, पेटी परत मिळेल, अस्वल मिळणार नाही. तेथील कर्मचारी जेवताखाता एक वाक्य म्हणत असतात, की ज्या अस्वलाला माणसाने खाऊ घातले ते मेलेच म्हणून समजावे. कारण एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली की ते तंबू फाडते, गाड्या फोडते, आणि मग त्याला मारण्याशिवाय उद्यानाच्या हाती काही उरत नाही. यांना ते वाक्य पाठ झाले होते आणि योग्य-अयोग्य प्रत्येक प्रसंगी हे ते मला ऐकवत असत.

परंतु हा शहाणपणा या लोकांना जन्मतः मिळालेला नाही, आणि हे मला वारंवार सांगावेसे वाटते. याच उद्यानात एके काळी हॉटेलांचे खरकटे मोकळ्या उकिरड्यांवर टाकत आणि ते खायला आलेली अस्वले पाहण्यासाठी पर्यटकांना बसायला बाके मांडलेली असत. रस्त्याच्या कडेला भीक मागितल्यासारखी उभी असणारी अस्वले आणि मोटारीच्या खिडकीतून त्यांना पाव देणारी माणसे यांची जुनी छायाचित्रे उद्यानाने स्वतःच जपून ठेवली आहेत. १९३१ ते १९६९ या काळात अस्वलांनी वर्षाला सरासरी ४८ माणसे जखमी केली. १९७० च्या सुमारास शेवटचे उकिरडे बंद झाले. पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर पोसलेली अस्वले अन्नासाठी वस्त्यांत शिरू लागली आणि त्यांतील पुष्कळ मारली गेली, इतकी की १९७५ साली ग्रिझलीला कायद्याने संरक्षण द्यावे लागले. म्हणजे आज जो नियम आपल्याला संस्कृती म्हणून दाखवला जातो, त्याला पन्नास-पंचावन्न वर्षेच झाली आहेत आणि त्याच्या आधी शंभर वर्षांचा गोंधळ आहे. आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, बहात्तरच्या दुष्काळाच्याच वर्षातला. ज्या वर्षी आमच्या घरात दुष्काळी मदतीची सुकडी शिजत होती त्या वर्षी आपल्या देशाने वाघासारख्या प्राण्यांसाठी कायदा केला, हे मी मिनेसोटाच्या मुख्याध्यापिकाबाईंना सांगितले तेव्हा त्या काही वेळ गप्प बसल्या, याचे मला बरे वाटले.

आपल्याकडे प्राण्याला खाऊ घालणे हे पुण्य आहे आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पहिली भाकरी गाईची, मुंग्यांना साखर, आणि सातपुड्यातील मनुदेवीच्या दर्शनाला गेल्यावर माकडांना केळी व शेंगदाणे, हे केल्यावाचून आमच्या घरातील कोणी परतलेले नाही. मनुदेवीची माकडे आता हातातील पिशवी ओढतात, लहान मुलांवर दात विचकतात, हे खरे आहे. पण त्यासाठी देवीच्या पायथ्याशी कोणी लोखंडी डबे बोल्टने आवळावेत असे मला वाटत नाही. (यांना वाटते.) शिवाय येथे ज्या जमिनीवर कोणाचे शेत नाही तेथे प्राण्यांवर प्रेम करायला काय जाते? मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेड्याच्या बाजूला वाघ केळीच्या बागांतून वावरतो आणि त्याच बागेत माणूस रात्रीची वीज आली की पाणी द्यायला जातो. त्या शेतकऱ्याजवळ बॅटरीखेरीज काही नसते. आणि यलोस्टोन रिकामे होते असेही नाही. तेथे राहणाऱ्या शोशोनी या मूळ निवासी लोकांना १८८० च्या सुमारास बाहेरच्या राखीव वसाहतींत पाठवण्यात आले. आपल्या सातपुड्यात पावरा, भिल्ल, तडवी बांधव आजही राहतात, त्यांचे २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे रखडलेले असतात, पण पाडे तेथेच आहेत. माहितीकेंद्रात शोशोनींबद्दलचा फलक वाचताना मी हे सर्व यांना सविस्तर सांगितले. हे म्हणाले की यावलच्या जंगलात किती झाडे उरली आहेत तेही सांग. त्यावर मी पुढच्या फलकाकडे वळले.

सुट्टीच्या दिवशी आम्ही पुष्कळ फिरलो. उद्यानातील हेडन खोऱ्यात बायसनांचा, म्हणजे तेथल्या रानगव्यांचा, कळप रस्त्यावर आला की दोन्ही बाजूंची वाहतूक थांबते आणि कोणीही हॉर्न वाजवत नाही, नऊशे किलोपर्यंत भरणारा नर आमच्या काचेला जवळजवळ घासून गेला तेव्हा यांच्या तोंडून आपसूक अहिराणी निघाली, "हाऊ ते हेलास्ना बाप शे!" १९०२ साली या उद्यानात बायसन दोन डझनही उरले नव्हते आणि आता ते हजारोंनी आहेत. त्यांच्यापासून २५ यार्ड आणि अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड दूर राहायचे, हाही नियमच. उष्ण झऱ्यांजवळ फळ्यांची पायवाट सोडायची नाही, पाण्यात बोट बुडवायचे नाही; आपल्या अडावदजवळच्या उनपदेवला गोमुखातून पडणाऱ्या कढत पाण्याखाली डोके धरणाऱ्या बाईला हे ऐकून हसू येते, पण येथील पाणी खरोखर उकळते आणि त्यात पडून वीसहून अधिक माणसे मेली आहेत. याच पाण्यात १९६६ साली थॉमस ब्रॉक यांना सापडलेल्या जिवाणूपासून पुढे जे विकर (एन्झाइम) मिळाले, त्याच्यामुळे करोनाच्या आरटीपीसीआर चाचण्यांची पद्धत शक्य झाली. अस्वल अंगावर आले तर मारण्यासाठी कमरेला फवाऱ्याची नळी लावायला सांगतात. त्या नळीत काय असते असे मी दुकानात विचारले, तर मिरचीचा अर्क. नंदुरबारच्या बाजारात मिरचीचे ढीग पाहत वाढलेल्या माणसाला त्यांनी तो पन्नास डॉलरला विकला.

सप्टेंबरमध्ये पितृपक्ष आला आणि मामंजींची तिथी कामाच्या दिवशी पडली. खान्देशात हे कसे करतात ते आपणास सांगायला नको: खीर, कढी, गिलक्यांची भजी, गंगाफळाची भाजी, निखाऱ्यावर तूप सोडून आगारी, आणि गच्चीवर कावळ्याला घास. कर्मचारी निवासात खोलीत शेगडी चालत नाही आणि धूर झाला की छतावरचा भोंगा सगळी इमारत जागी करतो, म्हणून आगारीचा विचारच सोडला. भोजनगृहाच्या मुख्य आचाऱ्याला यांनी वडिलांचा दिवस आहे एवढेच सांगितले, तर त्याने दुपारच्या पाळीनंतर एक शेगडी रिकामी करून दिली, दूध आणि तांदूळ दिले आणि स्वतः बाजूला उभा राहून खिरीत काय काय पडते ते पाहत राहिला. त्या माणसाने पैसे घेतले नाहीत. गिलके मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तेथल्या हिरव्या भोपळीची भजी केली.

घास मात्र कुठे ठेवायचा? तेथील कावळे आपल्या डोमकावळ्याहून मोठे असतात आणि इतके हुशार, की पर्यटकांच्या पाठपिशव्यांच्या चेन चोचीने उघडून आतले खाणे पळवतात. त्यांतील एक समोरच्या कठड्यावर येऊन बसलाही होता. मी म्हटले, पाहुणा स्वतःहून आला आहे, एक घास ठेवला तर कोणते अस्वल मरणार आहे? हे म्हणाले, त्याला चोच मारायला शिकवणारेही असेच म्हणाले असतील. आम्ही तेथे उभे राहून बराच वाद घातला, मराठीत आणि नंतर अहिराणीत, आणि शेवटी यांनी घास पानावरून उचलला, डब्याच्या खाचेत बोटे घालून पट्टी दाबली आणि तो आत सोडला. वडिलांचा घास कचऱ्याच्या डब्यात गेला हे मला पटलेले नाही. नियम बरोबर आहे हे मान्य करूनही पटलेले नाही, आणि ज्यांना या दोन गोष्टी एकत्र कशा असू शकतात असे वाटत असेल त्यांनी एकदा तेथे उभे राहून पाहावे.

अमळनेरला दिरांनी त्याच दिवशी गच्चीवर पान ठेवले होते, तेव्हा मामंजी उपाशी राहिले नाहीत. पुढच्या वर्षी पितृपक्षापूर्वी काम संपेल असाच करार मागावा, असे यांचे म्हणणे आहे. परंतु सप्टेंबरमध्ये गर्दी ओसरते, एल्क या मोठ्या हरणाचे नर पहाटे खिडकीखाली शीळ घालतात, आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबणाऱ्यालाच हंगामाचा बोनस मिळतो. तेव्हा तिथी पुढेही दिरांनीच सांभाळावी, असे मी त्यांना कळवले आहे.