पी०११३: थंड असताना ठीक, तापला की तुटतो

सापडला! पी०११३ म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या तापमान सेन्सरच्या सर्किटचा फॉल्ट कोड, आणि त्याच्यासोबत स्कॅनरवर येणाऱ्या −४० अंशांचा उगम अखेर सापडला. तो सेन्सरच्या पोटातच आहे.

मागच्या नोंदीपर्यंत एवढं ठरलं होतं की कपलर (सेन्सरला लागणारा वायरचा प्लग) काढला तर स्कॅनरवर −४० दिसतं, आणि त्यातल्या सिग्नल व अर्थच्या (अर्थिंगच्या) पिना तारेने जोडल्या की आकडा थेट वरच्या टोकाला जातो. म्हणजे ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) ठीक, त्याचे ५ व्होल्टही ठीक. तरी भर दुपारी गाडी ट्रॅफिकमध्ये रांगायला लागली की मध्येच −४०, आणि क्षणात परत ५५. गाडी उभी ठेवून इंजिन आयडलला चालू असताना हार्नेस (वायरिंगचा जुडगा) कितीही हलवा, ढिम्म.

या गाडीत मॅप (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा सेन्सर) आणि हवेच्या तापमानाचा सेन्सर एकाच चार पिनांच्या घरात आहेत, अर्थ दोघांचा एकच. काल लॉग पुन्हा चाळताना दिसलं, −४० येतं तेव्हा मॅपचा आकडा जागचा हलत नाही. अर्थ तुटला असता तर मॅपनेही उडी मारली असती. संशय उरला फक्त सिग्नलच्या वायरवर आणि खुद्द थर्मिस्टरवर (तापला की ज्याचा रोध कमी होतो तो सेन्सरमधला भाग).

सेन्सर काढून टेबलावर घेतला. २५ अंशांना २ किलोओहमच्या जवळ. प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फात ठेवला (मॅपच्या छिद्रात पाणी जाता कामा नये), तर ५.९. तक्त्याशी तंतोतंत! बहुतेक ठिकाणी तपासणी इथंच थांबते आणि 'सेन्सर ओके' असा शेरा मिळतो. मी थर्मोकपल (तापमान मोजायची तार) टेपने चिकटवून हेअर ड्रायर लावला. हजार ओहम, आठशे, सातशे... आणि साठ अंशांच्या अलीकडे काटा धाडकन अनंतावर. निवू दिला, आकडा परत आला. पुन्हा तापवला, पुन्हा तिथेच तुटला. आतला जोड उष्णतेने फाकतोय. काय आनंद झाला म्हणून सांगू!

इथे जुना काट्याचा मीटरच खरा. ऑटोरेंजवाला डिजिटल नेमका त्या क्षणी रेंज शोधत बसतो. तोच वापरायचा तर रेंज हाताने लावा.

प्लगवरची काजळी आणि उणे फ्युएल ट्रिम (ईसीएमने पेट्रोलमध्ये केलेली कपात) यांचाही उलगडा झाला. त्याच दाबाला −४० ची हवा ५५ च्या हवेपेक्षा सुमारे ४० टक्के दाट. ईसीएम त्या हिशेबाने पेट्रोल ओततं, मग लॅम्डा (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर) बघून तेच ते कापत बसतं.

नवा सेन्सर ओरिजिनलच घेणार. नकली मालाचा आकडा २५ अंशांना जुळतो, पण पुढे साठ-ऐंशीपर्यंत जुळेलच याची खात्री नाही, म्हणून बसवण्याआधी नव्यालाही ड्रायर दाखवायचा.

उद्याच दुकानात जाणार होतो, पण हे लिहिताना सुचलं: सिग्नलची वायर अजून निर्दोष ठरलेली नाही. कपलरमधून फक्त तेवढी पिन बाहेर काढून तिच्यापासून अर्थपर्यंत २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावला, तर मॅप चालू राहील आणि स्कॅनरवर २३ च्या आसपास स्थिर आकडा दिसायला हवा. त्यावर दुपारची एक फेरी मारायची. आकडा हलला नाही तर वायर निर्दोष. तर आधी रेझिस्टर, मग दुकान. त्या कपलरची पिन लॉक न मोडता काढायला कोणत्या मापाची सुई लागते, कोणी काढली असेल तर सांगा.